इअरबडची एक बाजू बंद पडली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका कानात गाणं, दुसऱ्या कानात शुकशुकाट. वायरलेस इअरबडची सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच आहे आणि ती स्वस्त-महाग दोन्हीत येते. बंद पडलेला बड बहुतेक वेळा खराब झालेला नसतो, त्याच्यापर्यंत चार्जच पोहोचलेला नसतो. म्हणून खालच्या प्रश्नांचा क्रम मुद्दाम असा लावला आहे: आधी चार्ज, मग आवाजाची वाट, मग फोन, आणि त्यानंतर रीसेट. हा क्रम मोडू नका. नवीन जोडी घ्यायला नाशिकचा एमजी रोड गाठण्याआधी अर्धा-पाऊण तास या पानाला द्या.

एक बाजू बंद आहे. सगळ्यात आधी काय बघायचं?

फोन बाजूला ठेवा. दोन्ही बड डबीत नीट बसवा, झाकण लावा, डबी चार्जरला जोडा आणि अर्धा तास थांबा. डबीच रिकामी असली तर बड कितीही वेळ आत ठेवले तरी भरत नाहीत, म्हणून चार्जर लावणं गरजेचं आहे.

अर्ध्या तासाने एकेक बड बाहेर काढा. बडवर दिवा असेल तर बाहेर काढताना तो क्षणभर लागतो. दिवा नसलेल्या मॉडेलमध्ये फोनच्या ब्लूटूथ यादीत किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये डाव्या-उजव्या बडची बॅटरी वेगवेगळी दिसते का ते बघा. आता तीनपैकी एक गोष्ट समोर येईल. दिवाही नाही आणि टक्केही नाहीत, तर चार्जचा प्रश्न आहे. टक्के दिसतात पण आवाज नाही, तर जाळी, सेन्सर किंवा फोनची सेटिंग. दिवा लागतो पण फोनला तो बड दिसतच नाही, तर दोन बडची आपसातली जोडी तुटली आहे. पुढचं उत्तर यातल्या तुमच्या प्रकाराप्रमाणे वाचा.

इंटरनेटवर सगळे आधी रीसेट करायला सांगतात. इथे का नाही?

कारण चार्ज नसलेला बड रीसेटला प्रतिसाद देत नाही, पण चार्ज असलेला देतो. चालू बडची जुनी जोडणी पुसली जाते, तो एकटाच फोनशी नव्याने जुळतो आणि बंद बड जुन्या जोडणीतच अडकून राहतो. नंतर त्याला चार्ज मिळाला तरी दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. ब्लूटूथच्या यादीत एकाच नावाची दोन उपकरणं दिसायला लागतात ती बऱ्याचदा यामुळेच. एका दोषाचे दोन दोष होतात. दोन्ही बडमध्ये चार्ज आहे याची खात्री पटेपर्यंत रीसेटला हात लावू नका.

दोन्ही बड रात्रभर डबीत होते. तरी एकच भरला. असं कसं होतं?

प्रत्येक बडमध्ये स्वतःची वेगळी लिथियम बॅटरी असते, साधारण ३० ते ६० एमएएचची. ती भरते बडच्या अंगावरच्या दोन किंवा तीन सोनेरी ठिपक्यांतून. डबीच्या खाचेत त्याच्यासमोर स्प्रिंगवरच्या बारीक पिना असतात. ठिपका आणि पीन यांच्यात घामाचं मीठ, कानातला मळ किंवा चेहऱ्याला लावलेल्या क्रीमचा पातळ थर बसला की वीज जात नाही. हा थर डोळ्यांना सहज दिसत नाही, ठिपका फक्त थोडा काळपट वाटतो. हिरवट डाग दिसला तर मात्र सोन्याचा मुलामा जाऊन खालचं तांबं गंजायला लागलं आहे असं समजा.

दुसरं कारण म्हणजे दबून बसलेली पीन. बड नसताना टॉर्चच्या उजेडात दोन्ही खाचा शेजारी शेजारी ठेवून बघा. एका बाजूची पीन दुसरीपेक्षा खोल दिसली तर ती अडकली आहे. लाकडी टूथपिकच्या बोथट टोकाने हलकेच दाबून सोडा, दोन-चार वेळा केलं की बहुतेक वेळा मोकळी होते. सुई किंवा पिनेने हे करू नका, दोन पिना एकमेकींना टेकल्या तर डबीचं सर्किट जळू शकतं.

तिसरं कारण फार साधं आहे आणि म्हणूनच नजरेतून सुटतं. सोबत आलेल्यापेक्षा मोठ्या आकाराची किंवा बाहेरून घेतलेली जाड सिलिकॉन टोपी लावली असेल तर बड खाचेत पूर्ण खाली बसत नाही. वरून बसल्यासारखा दिसतो, पण पिनेपासून केसभर वर राहतो. बडला घातलेलं रबरी कव्हरही हेच करतं. टोपी काढून बड तसाच डबीत ठेवून बघा. दिवा लागला तर दोष सापडला.

ठिपके आणि पिना नेमक्या कशाने पुसायच्या?

आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, ७० टक्के किंवा त्यापेक्षा जास्त तीव्रतेचं. औषधांच्या मोठ्या दुकानात किंवा इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात मिळतं. कापसाच्या काडीवर दोन-तीन थेंब पुरतात. काडी ओली हवी, टपकणारी नको. बडचे ठिपके पुसा, मग कोरड्या काडीने पुन्हा पुसा. डबीच्या पिना पुसताना डबी उलटी धरा, म्हणजे द्रव आत उतरत नाही. कापसाचा तंतू पिनेत अडकला नाही ना ते बघा. दहा मिनिटं झाकण उघडं ठेवून वाळू द्या आणि मग बड ठेवा.

हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यातल्या ग्लिसरीनचा थर मागे राहतो आणि तो पुन्हा वीज अडवतो. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोनने प्लॅस्टिक विरघळतं. पॉलिश पेपर किंवा ब्लेडने ठिपका घासला तर त्या दिवशी बड चालू होईल, पण मुलामा खरवडला गेल्याने पुढचा गंज लवकर चढेल. पेन्सिलचं मऊ पांढरं खोडरबर एखाद-दुसऱ्या वेळी चालतं, तेही हलक्या हाताने. त्याचा चुरा खाचेत पडू देऊ नका.

आजच आणलेला नवा सेट आहे, तरी एक बाजू बंद. परत करू का?

आधी ठिपके बघा. नव्या बडच्या ठिपक्यांवर पारदर्शक किंवा रंगीत पट्टी चिकटवलेली असते, वाहतुकीत बॅटरी उतरू नये म्हणून. एका बडची काढली जाते, दुसऱ्याची राहून जाते. पट्टी काढा, दोन्ही बड एकत्र डबीत ठेवा, झाकण लावा, एक तासाने उघडा. तरीही बंद असेल तर लगेच परत करा. ऑनलाइन घेतलं असेल तर परतीची मुदत किती दिवसांची आहे ते ऑर्डरच्या पानावर त्याच दिवशी बघून ठेवा.

बरेच महिने कपाटात पडून होते. आता एक बड जागाच होत नाही.

पडून राहिलेली लिथियम बॅटरी हळूहळू उतरत जाते. व्होल्टेज फार खाली गेलं की बॅटरीसोबतचं संरक्षक सर्किट तिला तोडून टाकतं आणि बड पूर्ण मेल्यासारखा वागतो. ठिपके पुसून बड डबीत ठेवा आणि डबी चार्जरला लावून तशीच तीन-चार तास राहू द्या. मध्ये दोन-तीनदा बड काढून पुन्हा बसवा, कारण काही डब्या बड बसवल्याचं जाणवलं तरच वीज सोडतात. एवढं करूनही जागा झाला नाही, तर ती बॅटरी परत येण्याची आशा फारशी नसते.

यापुढे इअरबड बराच काळ वापरायचे नसतील तर अर्ध्याच्या आसपास चार्ज करून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा डबी भरा. पूर्ण उतरलेले ठेवू नका.

आवाज बंद नाही, पण एका बाजूने फार हळू येतो.

इथे जवळजवळ नेहमी जाळीत बसलेला मळ सापडतो. सिलिकॉन टोपी काढा. जाळी दोन ठिकाणी असू शकते, एक टोपीच्या आत आणि एक बडच्या नळीच्या तोंडावर. टोपी कोमट पाण्यात, साबणाच्या एका थेंबाने धुऊन पूर्ण वाळवा. बड धुवायचा नाही.

बडची जाळी खाली तोंड करून धरा, म्हणजे सुटलेला मळ आत न जाता खाली पडेल. कोरड्या, मऊ टूथब्रशने आडवा हात फिरवा. लहान मुलांचा नवा ब्रश त्यासाठी उत्तम. मळ चिकट असेल तर पोस्टर चिकटवायची पुट्टी गोळी करून जाळीवर हलके दाबा आणि झटकन उचला, मळ तिला चिकटून निघतो. सुई टोचली तर जाळी फाटते आणि तिच्यामागचा पडदा तिथून फार लांब नसतो. तोंडाने फुंकर मारणंही टाळा, फुंकरीबरोबर ओलावा आत जातो.

जाळीशिवाय बडवर एक-दोन बारीक छिद्रं असतात. त्यातलं एखादं हवेचा दाब मोकळा करण्यासाठी असतं, एखादं माइकचं. दाबाचं छिद्र बुजलं तर बास नाहीसा होतो आणि त्या बाजूचा आवाज पातळ लागतो. त्यावरून फक्त ब्रश फिरवा, आत काही घालू नका.

दोष बडचा की माझ्या कानाचा, हे कसं कळेल?

ही परीक्षा प्रत्येकाने करावी, पैसे वाचतात आणि कधी कधी कानही वाचतो. उजवा बड डाव्या कानाला आणि डावा उजव्या कानाला लावा. नीट बसणार नाहीत, हाताने धरून ठेवले तरी चालेल. हळू आवाज बडबरोबर दुसऱ्या कानात गेला तर दोष बडमध्ये आहे. बड बदलूनही त्याच कानाला कमी ऐकू आलं तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. बऱ्याचदा साठलेला मळच निघतो. पण एका कानाचं ऐकणं अचानक, एक-दोन दिवसांत कमी झालं असेल, तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. अशा काही आजारांत उपचार लवकर सुरू होण्यावरच कान परत येणं अवलंबून असतं.

तोपर्यंत कमी बाजू भरून काढायला एकूण आवाज वाढवत नेऊ नका. दुसरा, चांगला कान विनाकारण मार खातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि आवाज वाढवला की ती वेळ झपाट्याने कमी होते.

दोन्ही बडची बॅटरी दिसते, जाळी स्वच्छ आहे, तरी एक बाजू गप्प.

फोनमधला डावा-उजवा समतोल सरकलेला असू शकतो. आयफोनमध्ये सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग ऑडिओ अँड व्हिज्युअल इथे बॅलन्सची पट्टी आहे, ती मधोमध आणा. अँड्रॉइडमध्येही ती अ‍ॅक्सेसिबिलिटीतच सापडते, फक्त नाव कंपनीनुसार बदलतं. कुठे ऑडिओ अ‍ॅडजस्टमेंट, कुठे हिअरिंग एन्हान्समेंट. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘बॅलन्स’ टाका. मोनो ऑडिओ चालू करून बघणंही उपयोगी आहे. मोनो केल्यावर दोन्हीकडे आवाज आला, तर बड ठीक आहे, त्या गाण्याच्या फाइलमध्येच आवाज एका बाजूला आहे.

दुसरा संशयित म्हणजे बड कानात आहे की नाही हे ओळखणारा सेन्सर. बडच्या आतल्या अंगावर काचेसारखा काळा ठिपका असतो तो हा. त्यावर घाम किंवा तेल आलं की बड ‘आपण कानाबाहेर आहोत’ असं समजून गप्प होतो. कोरड्या मऊ कपड्याने पुसा. तरी चुकत असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमधून ही सोय बंद करा.

बड आधी दुसऱ्या फोनला जोडून बघावा, हेही इथे सांगायला हवं. दुसऱ्या फोनवर दोन्ही बाजू वाजल्या तर तुमचा बड निर्दोष आहे आणि पुढची सगळी खटपट फोनमध्ये करायची आहे.

आता रीसेट कसा करायचा?

पहिल्यांदा फोनच्या ब्लूटूथ यादीत त्या नावावर जाऊन ‘फर्गेट’ किंवा ‘अनपेअर’ करा. एकाच नावाच्या दोन नोंदी असतील तर दोन्ही काढा. लॅपटॉप किंवा टीव्हीला बड जोडलेले असतील तर तिथलंही ब्लूटूथ तेवढ्यापुरतं बंद करा, नाहीतर एक बड तिकडे पळतो.

पुढची पायरी मॉडेलवर अवलंबून आहे. बटण असलेल्या डबीत दोन्ही बड ठेवून, झाकण उघडं ठेवून बटण साधारण १० ते १५ सेकंद दाबून धरायचं असतं, दिव्याचा रंग किंवा लुकलुक बदलेपर्यंत. मागे बटण असलेल्या एअरपॉड्सच्या डबीत सुमारे १५ सेकंद दाबलं की दिवा आधी पिवळसर आणि मग पांढरा लुकलुकतो. डबीला बटण नसेल तर दोन्ही बड बाहेर काढून दोन्हींच्या टच जागा एकाच वेळी दाबून धरायच्या. नेमका वेळ पुस्तिकेत असतो, पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांकाने सापडते.

रीसेट झाल्यावर लगेच फोनला जोडू नका. दोन्ही बड डबीत ठेवा, झाकण लावा, दहा सेकंद थांबा, मग दोन्ही एकदम बाहेर काढा. आधी त्या दोघांना एकमेकांना शोधू द्या. एकाचा दिवा विझला आणि दुसऱ्याचाच लुकलुकत राहिला, तर बऱ्याच मॉडेलमध्ये ती जोडी जुळल्याची खूण असते. आता फोनमध्ये शोधा. एकच नाव दिसायला हवं.

गाणी दोन्हीकडे वाजतात, कॉल मात्र एकाच कानात येतो. बिघाड आहे का?

जुन्या मॉडेलमध्ये नाही. सुरुवातीच्या अनेक इअरबडमध्ये कॉलचा आवाज फक्त मुख्य बडमध्येच, म्हणजे फोनशी थेट जोडलेल्या बडमध्येच, यायचा, रचनाच तशी होती. नव्या मॉडेलमध्ये कॉल दोन्हीकडे यायला हवा. पूर्वी येत होता आणि आता येत नाही, तर फर्मवेअर, म्हणजे बडमधलं आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. अपडेट करताना दोन्ही बडमध्ये निम्म्याहून जास्त चार्ज हवा. अर्ध्यात थांबलं तर डाव्या-उजव्याची आवृत्ती वेगळी होते आणि ती स्वतःच एक नवी डोकेदुखी आहे.

घरी ठीक चालतं. सीबीएसला (मध्यवर्ती बस स्थानकावर) किंवा रामकुंडावर गर्दीत गेलं की एक बाजू तुटत राहते.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. त्याच पट्ट्यात वाय-फाय आणि आजूबाजूच्या शेकडो लोकांची ब्लूटूथ उपकरणंही असतात. शिवाय माणसाच्या शरीरातलं पाणी या लहरी शोषतं. फोन डाव्या मागच्या खिशात आणि मुख्य बड उजव्या कानात असला, तर लहरींना अख्खं शरीर ओलांडून जावं लागतं. मोकळ्या गोदापार्कवर तर हे जास्तच जाणवतं, कारण घरात लहरी भिंतींवरून परावर्तित होऊन कशाबशा पोहोचतात, मैदानात तीही सोय नसते.

फोन शर्टाच्या खिशात किंवा हातात घ्या. बहुतेक वेळा तेवढ्यानेच तुटणं थांबतं. न थांबल्यास कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये उच्च दर्जाचा कोडेक (आवाज दाबून पाठवण्याची पद्धत) बंद करून साधा एसबीसी किंवा एएसी ठेवा, कमी डेटा जातो आणि जोडणी टिकते. २०२७ च्या सिंहस्थात घाटांवर असणाऱ्यांनी आणि सेवेत असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: कामाचे कॉल असतील तर वायरचा साधा इअरफोन खिशात असू द्या. तेवढ्या दाटीत कोणत्याही वायरलेस बडची खात्री देता येत नाही.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे एक बड लवकर बंद होतो.

निफाड परिसरात पारा एक आकडी होतो तेव्हा हे हमखास घडतं. थंडीत लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, व्होल्टेज लवकर खाली येतं आणि जी बॅटरी आधीच थोडी थकली आहे ती बाजू आधी बंद पडते. बड खराब झालेला नाही. रात्री डबी दुचाकीच्या डिकीत किंवा मळ्यातल्या शेडवर ठेवू नका, घरात ठेवा. बाहेर पडताना ती आतल्या खिशात असू द्या. उलट एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर डबी राहिली तर नुकसान कायमचं होतं, थंडीतलं मात्र ऊब मिळाली की भरून निघतं.

पावसात भिजले. काय करू, काय नको?

पहिली गोष्ट: ओला बड डबीत ठेवू नका. हे वाक्य इगतपुरी-त्र्यंबकला पावसाळ्यात फिरायला जाणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावं. डबी बडला वीज देते. ओल्या ठिपक्यातून वीज गेली की तासाभरातही धातू खायला सुरुवात होते. भिजल्यानंतर चालू असलेला बड दोन दिवसांनी बंद पडतो तो यामुळे.

टोपी काढा, बड कोरड्या कपड्यावर जाळी खाली करून ठेवा, हलके झटका. हवा खेळती असेल अशा जागी किमान २४ तास राहू द्या. सिलिका जेलच्या पुड्या घरात असतील तर हवाबंद डब्यात त्यांच्यासोबत ठेवा. तांदळात पुरण्याचा उपयोग होत नाही, उलट तांदळाची पिठी जाळीत बसते. हेअर ड्रायरच्या गरम झोताने आतला गोंद आणि पडदा दोन्ही ढिले होतात.

खोक्यावरचा आकडाही समजून घ्या. आयपीएक्स४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण, धो धो पावसापासून नव्हे. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात ३० मिनिटं. आणि हा आकडा बहुतेक वेळा फक्त बडचा असतो, डबीचा नसतो.

सातपूर-अंबडला कारखान्यात काम करतो. माझेच बड वारंवार का बिघडतात?

लोखंडाच्या बारीक किसामुळे. बडमधल्या स्पीकरला चुंबक असतं आणि बड जागेवर बसावा म्हणून डबीतही चुंबकं असतात. लेथ, ग्राइंडिंग, ड्रिलिंगच्या जागी हवेत आणि हातावर जो किस असतो तो ही चुंबकं ओढून घेतात. जाळीवर बसलेला किस आवाज दाबतो, पिनांमध्ये बसलेला किस दोन पिना जोडून शॉर्ट करतो. ब्रशने तो निघत नाही, नुसता जागा बदलतो. चिकटपट्टी बोटावर उलटी गुंडाळून टिपून घ्या, नाहीतर पोस्टरची पुट्टी वापरा. जवळ दुसरं मोठं चुंबक आणू नका.

डबी शॉपमध्ये उघडूच नका, झिपच्या छोट्या पिशवीत ठेवा. आणि मशीन चालू असताना बड कानात नकोत. एका कानातही नकोत. क्रेनचा भोंगा आणि सहकाऱ्याची हाक ऐकू येणं जास्त गरजेचं आहे.

कानात दाबला की करकर होते आणि त्या बाजूचा आवाज बसतो.

टोपी कानात घट्ट बसली की हवा कोंडते आणि स्पीकरचा पातळ पडदा आत दबतो. बड थोडा बाहेर ओढून, जरा फिरवत, सावकाश पुन्हा घाला. टोपी एक माप लहान करून बघा. बहुतेक वेळा पडदा आपोआप सरळ होतो. पण बड खाली पडल्यानंतर करकर सुरू झाली असेल आणि ती थांबतच नसेल, तर पडदा किंवा त्याची तार दुखावली आहे. ते घरी दुरुस्त होत नाही.

एकाच बडची बॅटरी दुसऱ्यापेक्षा लवकर का संपते?

कॉलसाठी नेहमी तोच एक वापरला जातो म्हणून, बऱ्याचदा. माइक, फोनशी बोलणं आणि दुसऱ्या बडला सांभाळणं ही कामं मुख्य बडकडे असतात, ती जास्त वीज खातात. १०-१५ टक्क्यांचा फरक चालतो. एक बड दोन तास टिकतो आणि दुसरा अर्धा तास, असं झालं तर त्या बॅटरीचं आयुष्य संपत आलं आहे. नव्या सेटमध्ये पहिल्या दिवसापासून कॉलसाठी डावा-उजवा आलटून पालटून वापरा, दोन्ही सारखेच झिजतील.

बॅटरी बदलून मिळते का?

काही मॉडेलची मिळते. बऱ्याच बडमध्ये ३.७ व्होल्टची गोल बटण-बॅटरी असते, १२ मिलिमीटर व्यासाची १२५४ किंवा १० मिलिमीटरची १०५४. अडचण बॅटरी मिळण्याची नाही, बड उघडण्याची आहे. कवच गोंदाने किंवा वितळवून जोडलेलं असतं, उघडताना अँटेना आणि टचची पट्टी तुटते, आणि पुन्हा बंद केल्यावर पाण्यापासूनचं संरक्षण उरत नाही. बॅटरीवर थेट सोल्डरिंगची तापलेली सळई टेकवली तर ती फुगू किंवा पेटू शकते. दुरुस्ती करणाऱ्याला दोन प्रश्न विचारा: पट्ट्या आधीच स्पॉट वेल्ड केलेली (विजेच्या क्षणिक झटक्याने जोडलेली) बॅटरी वापरणार का, आणि कामानंतर किती दिवसांची हमी देणार. आमचं मत स्पष्ट आहे: खर्च नव्या जोडीच्या निम्म्यावर जात असेल तर करू नका. फुगलेला, कवच उकललेला किंवा कानात गरम होणारा बड कोणत्याही किमतीत वापरू नका आणि पुन्हा चार्जलाही लावू नका.

एक बड पंचवटी एक्सप्रेसमध्ये हरवला. दुसऱ्याच सेटचा एक बड घेऊन चालेल का?

मॉडेल आणि आवृत्ती अगदी तीच असेल तरच, आणि तेव्हाही दोन्ही रीसेट करून एकमेकांशी जुळवावे लागतात. फर्मवेअर वेगळं निघालं तर काही मॉडेल जुळायला नकार देतात. काही कंपन्या, उदाहरणार्थ अ‍ॅपल, अधिकृतपणे एकच बड विकतात. तो मार्ग महाग वाटला तरी खात्रीचा आहे. हरवल्याचं लगेच लक्षात आलं तर फोनमधल्या शोधण्याच्या सोयीने बडला आवाज करायला लावता येतो, पण त्यासाठी बड डबीबाहेर, चालू आणि साधारण दहा मीटरच्या आत असावा लागतो.

वॉरंटीत आहे, पण कंपनी दाद देत नाही.

बहुतेक कंपन्या एक वर्षाची वॉरंटी देतात. पाणी आणि पडझड त्यात सहसा धरत नाहीत, आणि बड बाहेर उघडला असेल तर हक्क जातो. म्हणून वॉरंटी असेपर्यंत कुणालाही उघडू देऊ नका. तक्रार नोंदवताना बिल, डबीवरचा अनुक्रमांक आणि एक बड बंद असल्याचा छोटा व्हिडिओ जोडा. व्हिडिओत बॅटरीचे टक्के आणि साफ केलेले ठिपके दाखवा, म्हणजे ‘साफ करून बघा’ हे उत्तर येणार नाही. पाठवताना दोन्ही बड आणि डबी एकत्र द्या, एकटा बड पाठवला तर तो तपासताच येत नाही.

उत्तर मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार कंपनी कुठल्याही शहरातली असली तरी तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नाशिकच्याच, जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते.

बंद पडलेले बड घंटागाडीत टाकले तर चालतील का?

नाही. लिथियम बॅटरी कचऱ्याबरोबर दाबली गेली की पेटू शकते आणि ती आग घंटागाडीवर काम करणाऱ्यांच्या अंगाशी येते. ठिपक्यांवर चिकटपट्टी लावा, बड आणि डबी वेगळ्या पिशवीत ठेवा आणि कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा संकलनात द्या. फुगलेला बड त्याआधी घरात ठेवावा लागला तर धातूच्या डब्यात वाळू घालून, गॅस आणि कपड्यांपासून लांब ठेवा.